मिनर्व्हाचं भाडं

आमच्या धंद्यात माणूस कळतो तो तारखांच्या आणि हिशेबाच्या वहीवरून. नाटकाच्या व्यवस्थेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण उत्पल दत्त मला कधी कोडं वाटले नाहीत. इतरांना वाटतात. ‘गोलमाल’मधला मिशीवर जीव असलेला भवानीशंकर आणि खटल्याविना तुरुंगात पडलेला मार्क्सवादी नाटककार, हा एकच माणूस कसा? जमाखर्च मांडा, उलगडतं.

१९५९ साली दत्तांच्या लिटल थिएटर ग्रुपने कोलकात्याच्या बीडन स्ट्रीटवरचं मिनर्व्हा थिएटर चालवायला घेतलं. आपल्याकडे संस्था तारीख मिळवते, प्रयोग करते, सेट टेम्पोत टाकून पुढच्या गावाला निघते. तिथे अख्खं थिएटरच गळ्यात. नाटक पडलं म्हणून भाडं, वीज, कामगारांचे पगार थांबत नाहीत. शिवाय जागा ऐतिहासिक: पूर्वी इथेच ग्रेट नॅशनल थिएटर होतं, ज्याच्या नाटकांना चाप लावायला इंग्रजांनी १८७६चा नाट्यप्रयोग कायदा आणला.

मिनर्व्हाला तारलं ‘अंगार’ने. कोळशाच्या खाणीत कोंडलेले मजूर, तापस सेनांच्या प्रकाशातून चढत जाणारं पाणी, आणि संगीत रविशंकरांचं. १९६५च्या ‘कल्लोल’ला संगीत दिलं हेमांग बिश्वास यांनी. चळवळीचं नाटक म्हणजे एक डफ आणि चार घोषणा, असा हिशेब दत्तांनी केला नाही. ‘कल्लोल’चा विषय तर आपल्या दारातला, मुंबईतलं १९४६चं नाविकांचं बंड. काँग्रेसवर उघड टीका असल्याने वृत्तपत्रांनी जाहिराती नाकारल्या. व्यवस्थापकाला याहून मोठा धक्का नाही. मग भिंतींवर पोस्टरं लागली: ‘कल्लोल’ चालतंय, चालणार. सप्टेंबरमध्ये दत्तांना अटक झाली, ते काही महिने आत राहिले, आणि बाहेर खेळ चालूच राहिला. मुख्य माणूस तुरुंगात असताना खेळ चालू राहतो याचं श्रेय विचारसरणीला देतात. मी ते दत्तांच्या पत्नी, संस्थेतल्या अभिनेत्री शोभा सेन आणि बाकीच्या मंडळींना देईन.

१९६७मध्ये नक्षलबारीच्या उठावावर ‘तीर’ हे नाटक आलं आणि पुन्हा अटक झाली, तीही मुंबईत. तेव्हा ते ‘द गुरू’ या चित्रपटात सतारियाची भूमिका करत होते. लेखी हमी देऊन सुटले, म्हणून डाव्या चळवळीतल्या कडव्या मंडळींनी तोंडं फिरवली. १९६९च्या ‘भुवन शोम’ने राष्ट्रीय पुरस्कार दिला, आणि हिंदीची दारं सताड उघडली. सिनेमा पैशासाठी, नाटक स्वतःसाठी, हे त्यांनी कधी लपवलं नाही. माझ्या मते ही तडजोड नव्हती, भांडवल उभारणी होती. ते भांडवल कुठे गेलं हे पाहायचं तर १९७१चं ‘टिनेर तलोयार’ वाचा. १८७६च्या सुमाराची नाटक कंपनी. तिचा कप्तानबाबू बेणीमाधव स्वतःचं थिएटर मिळावं म्हणून आपण घडवलेली नटी धनिकाच्या हवाली करतो. शेवटी इंग्रज अधिकाऱ्यासमोर चालू नाटक सोडून बंदी ओढवणारं नाटक सुरू करतो. बेणीमाधव स्वतः दत्तांनी केला. थिएटर चालवण्याचा पाप-पुण्याचा हिशेब इतका उघडा मांडलेलं दुसरं नाटक मला माहीत नाही.

आता कोलकात्यात कलावंताची सत्तेपर्यंतची वाट सरळ झाली आहे. नाटककार-नट ब्रात्य बसू शिक्षणमंत्री झाले, गायक बाबुल सुप्रियो खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री, मग पक्ष बदलून राज्यात मंत्री. गुण आहेतच, पण थिएटरचं भाडं भरायची चिंता त्यात नाही. मिनर्व्हाही आता सरकारी आहे. २०१०मध्ये तिथल्या पगारी नटसंचात सौमित्र चटर्जी ‘राजा लिअर’ झाले.

दत्तांवर निदान लिहिलं तरी गेलं. आपल्याकडे अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची गाणी आपण गातो, पण एका दौऱ्याला खर्च किती, पैसा कुठून, हे कुणी मांडलं? एखाद्या बंद पडलेल्या नाट्यसंस्थेच्या वह्या तुमच्या माळ्यावर असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.