आधी पाणी बघा

नांदूर-मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर चढलेले पाहुणे हमखास विचारतात, "रोहित (फ्लेमिंगो) आलेत का?" मी त्यांना आधी पाणी बघायला सांगतो. कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर, कुठे थांग नाही, एवढं उमगलं की कोणता पक्षी कुठे शोधायचा ते कळू लागतं. ओल्या चिखलाच्या कडेला तुतवार, जरा आत शेकाटे, त्यापुढे चमचे आणि चित्रबलाक, खोल पाण्यावर वारकरी.

ही उथळ जागा माणसाच्या हातून घडली. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं वर आली, पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटाच. पण त्याच गाळावर पक्षी जमले, १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्राला पहिलं रामसर स्थळ मिळालं.

थापट्या बदकं गोल गोल फिरताना दिसली की मी स्कोप तिथेच रोखतो. पुढच्याच्या पायांनी पाणी ढवळतं आणि वर आलेलं मागचा टिपतो. रुंद चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात; पाणी बाहेर जातं, किडे आणि बिया आत राहतात. रोहितासाठी आलेले लोकही हे बघताना घड्याळ विसरतात. चमच्याची तऱ्हा निराळी. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चालतो आणि काही लागलं की चटकन मिटतो, त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचं अडत नाही.

इतक्यात पाणकणसावरून दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत येतो. विखुरलेले वारकरी पोहत पोहत एकमेकांना भिडतात, कारण एकटा मागे राहिलेला आधी सापडतो.

फोटोसाठी मुद्दाम थवा उडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उत्तरेकडून हिमालय ओलांडून आलेल्या बदकाला परतीसाठी अंगात चरबी साठवायची असते. तुमच्या एका फोटोपायी ती खर्ची पडते.

कालव्यांना आवर्तन सुटलं की पातळी हलते. काल बदकं होती तिथे आज चिखल उघडा पडतो आणि शेकाटे उतरतात. वरच्या धरणांतून पाणी आलं तर तोच चिखल बुडतो. म्हणून निघण्याआधी मी खाणगाव थडीच्या ओळखीच्या शेतकऱ्याला फोन लावतो आणि पाणी कधी सुटलं, किती उतरलं, एवढंच विचारून घेतो.