जॅग्वारची चाल

टेक्नोच्या चाहत्यांना 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' हे नाव समजावून सांगावं लागत नाही. 1999 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून ही रेकॉर्ड निघाली. कलाकाराचं नाव छापलं होतं 'दि ॲझ्टेक मिस्टिक'. हा म्हणजे डीजे रोलॅन्डो. यात गायक नाही, गाण्याचा एक शब्दही नाही. तरी आजही ती सुरावट वर चढायला लागली की माझं हातातलं काम थांबतं आणि घसा दाटून येतो. नाचासाठी केलेल्या संगीतात एवढं काय आहे, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडत आला आहे.

टेक्नो म्हणजे नुसती यंत्राची धडधड, त्यात जीव कुठला, असं अनेकांना वाटतं. त्यांनी या रेकॉर्डवरचा 'जॅग्वार' हा ट्रॅक नीट ऐकावा. खाली ठोका चालू असतो. त्याला घाई नाही आणि थांबायचंही नाही. त्यावर सुरांची एक छोटी साखळी फिरत राहते. मग सिंथेसायझरवरची तारवाद्यं येतात आणि सगळं आभाळच बदलतं. त्या सुरावटीत उदासी आहे, पण विनवणी नाही. एरवी दुःखाचं गाणं म्हटलं की लय मंदावते, गाणारा जागीच बसतो. इथे लय तसूभर ढळत नाही. दिंडीत अभंग कितीही आर्त असला तरी टाळ आणि पाऊल थांबत नाही, तसंच हे. मन भरून आलेलं असतं आणि पाय चालत असतात. या ट्रॅकची सगळी ताकद मला तिथेच दिसते.

ही चाल डेट्रॉइटलाच सुचावी, यात नवल नाही. मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेल्या या शहराची लोकसंख्या 1950 साली साडेअठरा लाख होती. 2000 पर्यंत ती साडेनऊ लाखांवर आली. पण जे राहिले त्यांनी सकाळी उठून कामाला जाणं सोडलं नाही. शहराच्या नैऋत्येला मेक्सिकन लोकांची जुनी वस्ती आहे. रोलॅन्डो याच समाजातला. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने 1932-33 मध्ये फोर्डच्या कारखान्याची भित्तिचित्रं रंगवली. त्यातले कामगार ओढताहेत, ढकलताहेत, ओणवे झालेत. राक्षसी यंत्रांच्या गर्दीत सगळी शरीरं जणू एकाच तालात वाकलेली आहेत. ती चित्रं पाहताना मला हाच ट्रॅक ऐकू येतो. यंत्र आणि माणूस एका लयीत आले, तरी माणूस हरवलेला नाही. जॅग्वारचं कातडं पांघरून लढणारे ॲझ्टेक योद्धे रेकॉर्डच्या नावात आले, ते मला उगाच वाटत नाही.

रेकॉर्ड काढली 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'ने. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी उभा केलेला हा कलाकारांचा गट. चेहरे झाकून वाजवायचं, बड्या कंपन्यांच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा बाणा. 'जॅग्वार' गाजल्यावर सोनीच्या जर्मनीतल्या शाखेला तो हवा झाला. नकार मिळाला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्यांकडून जवळजवळ स्वरन् स्वर तसाच वाजवून घेतला. हे कळताच जगभरचे श्रोते खवळले, निषेधाची पत्रं गेली आणि सोनीला माघार घ्यावी लागली. पुढे डेट्रॉइटमधून 'रिव्हेंज ऑफ द जॅग्वार' ही रेकॉर्डही आली.

या प्रकरणाकडे केवळ हक्कांचा वाद म्हणून बघणं मला पटत नाही. नाचघरातल्या अंधारात ज्यांनी हा ट्रॅक ऐकला होता, त्यांना तो आपल्या घरातला वाटत होता. तो कुणी उचलून नेतोय म्हटल्यावर ते उभे राहिले. जिथे शब्द नाहीत, तिथे काय वाटावं हे कुणी सांगत नाही. ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी त्यात ठेवावं लागतं. म्हणून तर असं संगीत एवढं आपलं होतं.

तुम्ही तो ऐकला नसेल तर जरूर ऐका. फोनच्या बारक्या स्पीकरवर नको. चांगल्या स्पीकरवर, मधे न थांबवता, पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत. आणि ऐकताना रेकॉर्डवर 'दि ॲझ्टेक मिस्टिक' हेच नाव आहे ना, तेवढं बघून घ्या.