लॅपटॉपमधली धूळ

दहा मिनिटं चालला की आमचा लॅपटॉप तापून बंद पडायचा. "सारखे व्हिडिओ बघतेस, म्हणून," असं मी लेकीला किती वेळा बोलले! ती गप्प राहायची.

परवा रविवारी जोहरनंतर बिस्मिल्लाह म्हणून तो स्वतःच उघडला. पहिलीच वेळ. आधी बंद केला, चार्जर काढला. स्क्रू निघाले तसे कागदावर क्रमाने मांडले, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. आत बॅटरीची जोडणी सोडवली. पंख्याशेजारच्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा जाड थर! गरम हवा बाहेर पडणार कुठून? पंखा काडीने अडवून धरला, नाहीतर फुंकर मारताना तो भरकन फिरून बिघडू शकतो. मग कोरड्या मऊ ब्रशने झाडलं. ओलं फडकं मात्र चालत नाही.

बोरीत धूळ तर असतेच, पण कापूस? रोज रात्री गादीवर लॅपटॉप ठेवून उर्दूच्या चाचणीचे गुण भरणारी मीच. खालची हवेची भोकं गादीनेच बुजत होती.

लेकीला बोलावून तो थर दाखवला.

"बेटा, चूक माझी होती. माफ कर."

ती कागदाकडे बघत म्हणाली, "अम्मी, एक स्क्रू उरलाय."