दुसऱ्यांच्या घरची पत्रे

जुन्या घराची आवराआवर निघाली, की पहिली गदा येते ती कागदांवर. भांड्यांना मोडीचा भाव येतो, लाकूड कामास लागते. जुन्या पत्रांस मात्र कोणी विचारीत नाही.

अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे पहिले सचिव जोसेफ हेन्री ह्यांची हकीकत ह्या संबंधात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्युच्चुंबकावरील शोधांमुळे ज्यांचे नाव एका विद्युत्-परिमाणास मिळाले, त्या ह्या गृहस्थांनी १८४६ पासून १८७८ साली मृत्यू येईपर्यंत ती संस्था चालविली. २४ जानेवारी १८६५ रोजी संस्थेच्या इमारतीस आग लागली. कामगारांनी शेगडीचे नळकांडे धुराड्याऐवजी भिंतीच्या पोकळीत बसविले होते, एवढेच निमित्त! हेन्रींच्या कचेरीतील पत्रव्यवहार भस्मसात झाला. ज्यांच्या देणगीतून संस्था उभी राहिली, त्या जेम्स स्मिथ्सन ह्यांचे कागदही गेले.

असे असूनही हेन्रींची पत्रे आज वाचावयास मिळतात. त्यांच्या निवडक कागदपत्रांचा पहिला खंड १९७२ साली निघाला, अकरावा २००७ साली. हे घडले कसे? पत्र लिहितो एक. पण ते राहते ज्यास आले त्याच्या घरी. स्नेह्यांनी, शास्त्रज्ञांनी व घरच्या माणसांनी जे जपले, ते वाचले. कन्या मेरी ह्यांनीही वडिलांचे कागद कष्टाने गोळा केले. तारायंत्राचे मोर्स ह्यांनी १८५५ साली हेन्रींवर जाहीर टीका केली. परंतु त्याच मोर्सना हेन्रींनी १८४२ साली उत्तेजनाचे पत्र लिहिले होते. केवळ छापील वाद वाचणारास ही बाजू कशी कळावी?

आमच्या येथे, जुन्या जालन्यात, आजोबांच्या वेळची पत्रांची एक पेटी आहे. निजामी अमलातील ती पत्रे, बरीचशी मोडी लिपीतील. घरातील तरुण मंडळी म्हणतात, "वाचता कोणास येते? जागा मात्र अडते." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु त्या पेटीत आजोबांचे स्वतःचे एकही पत्र नाही. आहेत ती सासरी गेलेल्या आत्याबाईंची, मामांची, व्याह्यांची. तेव्हा त्या कागदांचे आम्ही धनी नसून राखणदार आहो. आणि आजोबांचे अक्षर दुसऱ्या कोणाच्या तरी माळ्यावर अशाच निकालाची वाट पाहत असेल.

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच, की पेटी रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणारा एखादा गृहस्थ गाठावा. प्रत्येक पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या सालचे, एवढे टिपून ठेवावे. आणि ज्या घराण्यातून ते आले, त्यास त्याची प्रत पाठवावी. न जाणो, उलट टपाली आपल्याही आजोबांचे पत्र येईल.