सातवं लेणं

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात २० खोल्या आहेत आणि मधल्या भल्यामोठ्या मंडपात एकही खांब नाही. सुमारे १८०० वर्षं ते सगळा डोंगर डोक्यावर पेलून आहे. जुन्नरहून कुकडी ओलांडून, पायऱ्या चढून माणूस धापा टाकत येतो, तर ते आधी त्याला सावली देतं. काय मानतोस, हे विचारत नाही. त्याच्या स्वभावातलं हेच मला सर्वात मोठं वाटतं.

त्याचे पहिले रहिवासी बौद्ध भिक्खू. जग घडवणारा ईश्वर त्यांच्या विचारात नव्हता. म्हणून त्यांना नास्तिक म्हणावं, तर देवलोक ते मानत होते. फक्त तिथले देवही जन्ममरणात अडकलेले, त्यांच्याकडे मुक्ती मागून उपयोग नाही. शिवाय जग शाश्वत आहे का, तथागत, म्हणजे बुद्ध, मृत्यूनंतर असतो का, या प्रश्नांना बुद्धांनी उत्तर दिलंच नाही. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू उत्तरांसाठी हटून बसला, तेव्हा त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली: बाण मारणाऱ्याचं कुळ-गाव कळेपर्यंत तो काढू देणार नसशील, तर त्याआधी मरशील. होकार नाही, नकारही नाही. दुःखावर इलाज तेवढा आहे.

पुढे मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक झाल्या आणि तिथे गिरिजात्मज गणपती आला. अष्टविनायकांत लेण्यात राहणारा हा एकटाच. लेण्याने त्यालाही जागा दिली.

आपण मात्र माणसांचे तीन कप्पे करतो: आस्तिक, नास्तिक, अज्ञेयवादी. मला हे पटत नाही, कारण मानणं वेगळं आणि जाणणं वेगळं. देव आहे हे ठामपणे सांगता येत नाही, असं म्हणणारा एकजण गाभाऱ्यासमोर मनोभावे हात जोडतो. तेच म्हणणारा दुसरा नुसताच उभा राहतो. न कळण्यात दोघं सोबत, मानण्यात वेगळे. चतुर्थीला मंचर-घोडेगावकडून आलेल्या एकाच कुटुंबात असे दोघं सहज सापडतील, आणि शेजारच्या चैत्यगृहातल्या स्तूपापुढे दोघंही वाकतील.

उरलेल्या १८ खोल्या तशाच रिकाम्या राहू द्याव्यात, असं मला कळकळीने वाटतं. भाविकांनी त्यांत आणखी मूर्ती बसवू नयेत, आणि इतिहासाचा दाखला देऊन कुणी गिरिजात्मजाला उठवूही नये.