भातसानगरची वाट

कसारा लोकलने आसनगावला उतरावे; शहापुरात मानस मंदिराचे दर्शन घेऊन पुढे भातसानगरची वाट धरावी. पावसाळ्यात माहुलीचे सुळके ढगांत बुडालेले असतात. परतीच्या एस.टी.ची वेळ आधीच विचारून ठेवावी, चौविहार पाळणाऱ्यांनी शिदोरीही बरोबर न्यावी.

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांत भातसा सर्वांत मोठा. येथून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते, तेथे उपसले जाते आणि शुद्ध होऊन शहरातील नळांत येते. गाळल्याविना पाण्याचा थेंब न घेणाऱ्या घरांतही हा प्रवास क्वचितच कोणाला ठाऊक असतो. उन्हाळ्यात येणाऱ्याला मात्र आणखी एक दृश्य दिसते : याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहत मांडून ठेवलेले रिकामे हंडे.