गुलाबी लोणार

छायाचित्राला पाय फुटतात, हे आम्हां बुलढाणेकरांना २०२०च्या जूनमध्ये कळले. लोणारचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि वर्तमानपत्राची वाट न पाहता त्याची छायाचित्रे फेसबुक-व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचली. दिवस टाळेबंदीचे. पुण्याहून भाच्याने विचारले, “मामा, रंग कुणी मागाहून भरला नसेल ना हो?”

शंका वाजवी होती. त्याच्याकडे आलेल्या चित्रावर ना टिपणाऱ्याचे नाव, ना तारीख. निनावी पत्रावर कोण विश्वास ठेवील?

तारखेनेच अखेर निकाल दिला. नासाने उपग्रहाची दोन चित्रे शेजारी मांडली: २५ मेचे पाणी हिरवे, १० जूनचे गुलाबी! ही खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची करामत, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे सांगितले.

म्हणून वृत्तछायाचित्रकार मित्रांना सांगावेसे वाटते: चित्र जरूर धाडा, पण कोपऱ्यात नाव, खाली गाव नि तारीख लिहा. जुने चित्र असल्यास शेजारी ठेवा. मूळ प्रत जपा. लोणारचे विवर चढून येताना छाती भरून येते हो. ते श्रम ज्याचे त्याच्याच नावावर जमा व्हावेत.